जनसंपर्काची उमेदवारी

जनसंपर्क एजन्सीत उमेदवारीला गेलेल्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्या दिवशी पडते ती मीडिया लिस्ट. एक्सेलची लांबलचक शीट असते. वर्तमानपत्र, पत्रकाराचं नाव, बीट, मोबाइल, ई-मेल. त्यातले कितीतरी जण नोकरी सोडून गेलेले, काहींची बीट बदललेली, एखादा निवृत्त होऊन गावाकडे शेती बघतोय. ही यादी ‘अपडेट’ करायची, म्हणजे एकेकाला फोन लावून ‘सर, तुम्ही अजून बँकिंगच बघता ना?’ असं विचारायचं आणि समोरच्याचा वैताग ऐकून घ्यायचा. पुढच्या आठवड्यापासून सकाळी लवकर ई-पेपर चाळून क्लायंटच्या बातम्या कापायच्या, त्यांचं डॉसियर लावायचं, आणि प्रेस नोट गेली की संध्याकाळी फॉलो-अपचे फोन. महिना-दोन महिन्यांनी लेटरहेडवर प्रमाणपत्र मिळतं. त्यात ‘कॉर्पोरेट कम्युनिकेशनचा प्रत्यक्ष अनुभव घेतला’ असं छापलेलं असतं.

हा अनुभव नेमका कशाचा, हे विचारायची गरज आता वाढली आहे. पूर्वी हौसेने, ओळखीने किंवा एखाद्या सरांच्या चिठ्ठीवर होणारी ही उमेदवारी अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग झाली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा श्रेयांक आराखडा महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने विद्यापीठांपुढे ठेवला. त्यात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’, विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘ओजेटी’, ४ श्रेयांकांचं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना इंटर्नशिपचा एक श्रेयांक ३० तासांचा धरतात. म्हणजे चारांचे १२० तास झाले. दिवसाला सहा तास बसलं तर वीस दिवसांत संपतात. तेवढ्यात मीडिया लिस्टसुद्धा धड पुरी होत नाही.

तास कमी आहेत ही तक्रार सगळेच करतात. माझ्या मते दुखणं दुसरीकडे आहे. तास मोजायची सोय झाली, पण त्या तासांत विद्यार्थ्याच्या मसुद्यावर कुणी लाल पेन चालवलं का, हे पाहायची जबाबदारी ना कॉलेजने घेतली, ना एजन्सीने.

हा धंदा मुळात वर्गात शिकून आलेल्यांचा नव्हताच. टाटा समूहाने १९४० च्या दशकात मुंबईत जनसंपर्क विभाग काढला, तेव्हा देशात त्याचं शिक्षण देणारं काही नव्हतं. पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया १९५८ मध्ये उभी राहिली. २१ एप्रिल १९६८ ला दिल्लीत तिची पहिली अखिल भारतीय परिषद झाली, आचारसंहिता स्वीकारली गेली, आणि तो दिवस अजून राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळला जातो. त्या पिढीतले पुष्कळ पीआरओ वर्तमानपत्रातून आलेले होते. कोणती बातमी पान एकवर जाते, कोणती टोपलीत, हे ते डेस्कवर शिकले होते. तोच त्यांचा अभ्यासक्रम. मग १९९१ नंतर परदेशी कंपन्या आल्या, शेअर बाजारात नव्या कंपन्यांची रीघ लागली आणि एजन्सींचे दिवस आले. दिल्लीकडे जेनेसिस आणि परफेक्ट रिलेशन्स १९९२ मध्ये, मुंबईत अ‍ॅडफॅक्टर्स पीआर १९९७ मध्ये सुरू झाली. शिक्षणसंस्थाही होत्या. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधला पत्रकारितेचा विभाग १९६४ चा, मुंबईतलं झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स १९६९ चं. नंतर मुंबई विद्यापीठाने बीएमएम सुरू केलं, काही कॉलेजांत ते मराठीतूनही आलं, आणि मास मीडियाचे विद्यार्थी दरवर्षी मोठ्या संख्येने बाहेर पडू लागले. एजन्सींना हात हवे होते आणि मुलांना अनुभव हवा होता, तेव्हा गाठ पडली.

एजन्सीचा हिशेब समजल्याशिवाय इंटर्नच्या टेबलावर काय येतं ते कळत नाही. क्लायंट महिन्याचा ठरावीक रिटेनर देतो. एका अकाउंट एक्झिक्युटिव्हकडे असे तीन-चार क्लायंट असतात. वरची मंडळी नवे क्लायंट मिळवायच्या पिचमध्ये, मधली मंडळी क्लायंटच्या बैठकांत अडकलेली. खाली उरतं ते रोजचं, वेळखाऊ, पण टाळता न येणारं काम: क्लिपिंग, ट्रॅकर, लिस्ट, फोन. रिटेनर वाढत नाही आणि काम कमी होत नाही, तेव्हा हे काम सर्वांत स्वस्त माणसाकडे सरकतं. इंटर्नहून स्वस्त कोण?

पैशाची गोष्ट इथेच उरकून घेऊ, कारण ती जगभर सारखीच चिघळली आहे. अमेरिकेत ‘ब्लॅक स्वान’ या चित्रपटाच्या कामावर बिनपगारी राबलेल्या इंटर्ननी फॉक्स सर्चलाइटवर दावा लावला. कॉफी करणं, जेवणाच्या ऑर्डरी घेणं अशी कामं त्यांच्या वाट्याला आली होती. २०१३ मध्ये जिल्हा न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. २०१५ मध्ये वरच्या न्यायालयाने तो बाजूला ठेवून नवी कसोटी लावली: या व्यवहारात मुख्य फायदा कुणाचा, शिकणाऱ्याचा की मालकाचा? तिथल्या कामगार खात्याने २०१८ मध्ये तीच कसोटी उचलली. ब्रिटनमध्ये बोर्नमथला १९८९ मध्ये जनसंपर्काचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. तिथे मधलं एक अख्खं वर्ष बाहेर नोकरीवर काढायची पद्धत रुळली. तिथला किमान वेतनाचा कायदा कडक असला, तरी अभ्यासक्रमाचाच भाग असलेली एक वर्षापर्यंतची प्लेसमेंट त्यातून वगळली आहे. म्हणजे कॉलेजने सक्ती केली की मालकाची पगारातून सुटका. आपल्याकडे ओजेटीमुळे नेमकं हेच होऊ घातलं आहे.

आपला १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा विद्यावेतन ठरवून देतो. २०१९ च्या सुधारित नियमांनी पदवीधर उमेदवाराला महिना किमान ९,००० रुपये ठरवले. पण तो करार करून घेतलेल्या अप्रेंटिसला लागू. एजन्सीत तीन महिने बसणाऱ्या इंटर्नला नाही. राज्य सरकारने २०२४ मध्ये आणलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना पदवीधराला महिना १०,००० रुपये देते, पण ती शिक्षण आटोपलेल्यांसाठी आहे. केंद्राच्या प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनेतही पूर्णवेळ शिकणाऱ्याला जागा नाही. म्हणजे जो शिकतो आहे आणि शिकण्याचा भाग म्हणून राबतो आहे, तोच सगळ्या योजनांच्या फटीतून खाली पडतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ महाराष्ट्रात रुजवलं. पुणे विद्यापीठात त्यांच्या नावाची योजना आजही चालते. बिनपगारी इंटर्नशिपमध्ये कमवणं नसतंच आणि शिकणं नशिबावर असतं.

याचा मार सगळ्यांना सारखा बसत नाही. अंधेरीत किंवा लोअर परळला दोन महिने फुकट काम करायचं, तर राहायला कुणीतरी लागतं. डोंबिवलीला आत्या असेल तर जमतं. जालन्याच्या किंवा गडहिंग्लजच्या मुलीला आत्या नसेल, तर तिची ओजेटी तालुक्याच्या झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानाच्या शिक्क्यावर होते. कॉलेजला ते ठाऊक असतं. कागद पुरा असला की कुणी बोलत नाही.

आता कामाकडे. क्लिपिंग आणि फोन ही हलकी कामं आहेत, म्हणून इंटर्नशिप वाया जाते, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते पटत नाही. जीन लेव्ह या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात लायबेरियातल्या मनरोव्हियाच्या शिंप्यांचा अभ्यास केला. तिथला शिकाऊ मुलगा आधी कापड कापत नाही. तो गुंड्या लावतो, काठ दुमडतो, म्हणजे शेवटच्या टप्प्यापासून सुरुवात करतो. मग शिवण, आणि सर्वांत शेवटी कापणं. काठ दुमडता दुमडता त्याला अख्खा कपडा कसा बसवलाय ते दिसत असतं. या निरीक्षणातून एटिएन वेंगर यांच्याबरोबर लिहिलेलं त्यांचं पुस्तक १९९१ मध्ये आलं आणि उमेदवारीकडे बघायची शिक्षणशास्त्राची नजर त्याने बदलली. काम हलकं असणं हा दोष नाही. ते करताना पूर्ण कपडा नजरेसमोर आहे की नाही, एवढाच प्रश्न.

एजन्सीत अख्खा कपडा असतो तो ई-मेलच्या साखळीत. एका साध्या प्रेस नोटचं बघा. पहिला मसुदा एक्झिक्युटिव्ह लिहितो. त्यात कंपनीच्या अध्यक्षांचं अवतरण असतं. ते अध्यक्षांनी उच्चारलेलं नसतं, एजन्सीत कुणीतरी लिहिलेलं असतं, आणि कधी कधी तो कुणीतरी म्हणजे वीस वर्षांचा इंटर्न असतो. मसुदा मॅनेजरकडे जातो, तो शीर्षक बदलतो. क्लायंटचा कम्युनिकेशन विभाग दोन परिच्छेद वाढवतो. कायदा विभाग ‘भारतातील सर्वांत मोठी’ याच्या जागी ‘भारतातील आघाडीची’ करतो, कारण सर्वांत मोठी म्हटलं की पुरावा द्यावा लागेल. कंपनी शेअर बाजारात असेल तर आधी एक्स्चेंजला कळवायचं, मग पत्रकारांना. अध्यक्ष स्वतःच्या अवतरणातलं एक विशेषण काढतात. सातव्या आवृत्तीला मान्यता मिळते. या सात आवृत्त्या ज्याने एकाखाली एक वाचल्या, त्याला कंपनी काय बोलते आणि काय बोलायला घाबरते, हे सेमिस्टरभराच्या नोट्सपेक्षा जास्त कळतं. आणि त्याला लागतं काय, तर मेलच्या ‘सीसी’मध्ये इंटर्नचं नाव. एक छदाम खर्च नाही. तरी बहुतेक ठिकाणी इंटर्नला फक्त शेवटची पीडीएफ मिळते आणि ‘ही सगळ्यांना फॉरवर्ड कर’ एवढा निरोप.

क्लिपिंगचंही तसंच. बातमी छापून आली की ती किती कॉलम सेंटिमीटर आहे ते मोजायचं, त्या पानाच्या जाहिरातीच्या दराने गुणायचं आणि ‘एवढ्या लाखांची प्रसिद्धी मिळाली’ असा आकडा क्लायंटला द्यायचा. त्याला एव्हीई म्हणतात. बातमीवर लोकांचा विश्वास जाहिरातीपेक्षा जास्त, म्हणून काही जण तो आकडा आणखी तिपटीने फुगवतात. जगभरातल्या प्रसिद्धी-मोजणाऱ्यांच्या अ‍ॅमेक या संघटनेने २०१० मध्ये बार्सिलोनात तत्त्वं ठरवली आणि एव्हीई म्हणजे जनसंपर्काचं मोल नव्हे, असं स्वच्छ सांगितलं. त्यानंतरही कित्येक इंटर्नच्या शीटमध्ये तो रकाना जागच्या जागी आहे. वर्गात बार्सिलोना शिकवतात, कार्यालयात कॉलम सेंटिमीटर मोजायला लावतात, आणि विद्यार्थ्याच्या अहवालात या विसंगतीवर एक ओळ नसते. खरं तर चांगला अहवाल इथूनच सुरू व्हायला हवा. समजा, क्लायंटचं दूध शीतकरण केंद्र कऱ्हाडला आहे आणि बातमी फक्त मुंबईच्या आवृत्तीत आली. आकडा भरघोस दिसेल. पण दूध घालणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत ती पोचलीच नाही, मग प्रसिद्धी मिळाली कुणाला?

फोनची बाजू मी पलीकडच्या टोकाने पाहिली आहे. जिल्ह्याच्या डाक आवृत्तीची पानं शहर आवृत्तीच्या आधी सुटतात. संध्याकाळी साडेसहाला उपसंपादक दोन पानं एकदम लावत असतो. एक जाहिरात ऐनवेळी वाढलेली, अपघाताच्या बातमीत मृतांचा आकडा बदललेला, वार्ताहर फोनवर. तेवढ्यात दुसरा फोन वाजतो.

‘नमस्कार सर, मी अमुक एजन्सीतून बोलतेय. दुपारी एक प्रेस नोट पाठवली होती, मिळाली का सर?’

‘बघतो.’

‘उद्या कॅरी होईल का सर?’

यावर तो काही बोलत नाही, फोन ठेवतो. ती मुलगी यादीतल्या पुढच्या नावाकडे जाते. तिचं काही चुकलेलं नसतं. साडेसहाला फोन करू नये हे तिला कुणी सांगितलेलंच नाही. डाक आवृत्ती म्हणजे काय, हेही नाही. जनसंपर्काला जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने आधी आठवडाभर कुठल्या तरी वर्तमानपत्राच्या डेस्कवर बसावं, असं माझं मत आहे, आणि ते बदलण्यासारखं काही अजून दिसलेलं नाही. पान सुटताना एकदा पाहिलं की फॉलो-अपची वेळ आपोआप सकाळी अकरावर येते. आणि ‘कॅरी होईल का’ याऐवजी ‘यात सांगलीचे आकडे वेगळे काढून देऊ का’ असा प्रश्न सुचतो. तो प्रश्न विचारणाऱ्याचा नंबर डेस्कवाले सेव्ह करून ठेवतात.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची कहाणी थोडी निराळी. मुंबई-पुण्याच्या मोठ्या एजन्सींचं कामकाज इंग्रजीत चालतं. मराठी मुलगा आत आला की त्याला ‘रीजनल’ नावाच्या कोपऱ्यात बसवतात आणि इंग्रजी प्रेस नोट हातात देतात: याचं मराठी कर, अर्ध्या तासात हवंय. आता तर मशीनने केलेलं मराठी त्याच्यापुढे येतं आणि त्याने फक्त ‘चेक’ करायचं असतं. ‘आम्ही हे जाहीर करताना रोमांचित आहोत की’ अशी सुरुवात, मग कंपनीचं चार ओळींचं विशेषण, मग अध्यक्षांचं अवतरण, आणि तिसऱ्या परिच्छेदात कुठेतरी दडलेलं की मिरजेजवळ कारखाना निघतोय आणि तीनशे जणांना काम मिळणार आहे. मुलगा शब्द सुधारतो, ‘रोमांचित’चं ‘आनंद होत आहे’ करतो आणि पाठवून देतो. बातमी टोपलीत जाते.

याच मुलाला कुणी सांगितलं असतं, की भाषांतर सोड, ही नोट सांगली-मिरजेच्या वाचकासाठी नव्याने लिही, तर त्याने पहिल्या ओळीत मिरज आणि तीनशे जागा आणल्या असत्या. दुसऱ्या ओळीत कोणत्या शिक्षणाला जागा आहे ते. अध्यक्षांचं अवतरण शेवटी, किंवा नाहीच. ही बातमीची जाण आहे आणि ती त्याच्याकडे घरूनच आलेली असते. कोल्हापुरात ‘पुढारी’चं वजन किती, अकोल्यात ‘देशोन्नती’ कोण वाचतं, पणजीला ‘गोमन्तक’ आणि ‘तरुण भारत’ दोन्हींकडे का पाठवायचं, हे त्याला माहीत असतं. मुंबईत तयार झालेल्या शीटमध्ये अनेकदा महाराष्ट्र म्हणजे मुंबई, पुणे, नागपूर. हे ज्ञान एजन्सीच्या उपयोगाचं आहे, आणि ती ते भाषांतराच्या भावात घेते. दोष एकट्या एजन्सीचा नाही. आपली मराठी मास मीडियाची मुलंही ‘माझं इंग्रजी कच्चं आहे’ असं सांगत आत शिरतात; ‘मला सहा जिल्ह्यांच्या आवृत्त्या पाठ आहेत’ असं कुणी म्हणत नाही.

त्यामुळे एजन्सीच हवी हा हट्टही थोडा सोडायला हवा. जनसंपर्काचं सर्वांत कसदार मराठी लेखन मला दर आठवड्याला रेल्वेच्या पत्रकात दिसतं. रविवारचा मेगाब्लॉक. मुख्य मार्गावर कुठून कुठे, अप की डाउन, धीमा की जलद, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कोणत्या गाड्या कुठून वळवणार, कोणत्या स्थानकांवर थांबणार नाहीत, हार्बरला काय. एक वेळ चुकली तर हजारो माणसं फलाटावर उभी. विशेषण एकही नाही. वीस दिवसांच्या ओजेटीत विद्यार्थ्याने असे दोन ब्लॉक, त्यांचे मसुदे आणि सोमवारी आलेल्या तक्रारी एवढं जरी पाहिलं, तरी पुष्कळ झालं. महावितरणच्या परिमंडळांत जनसंपर्क अधिकारी असतात. वळवाच्या वादळात खांब कोसळले, फीडर बंद पडला, की कोणत्या गावांची वीज गेली आणि कधी येईल हे त्यांना पत्रकारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घाईने टाकावं लागतं, आणि वेळ दिली की ती पाळायची जबाबदारी येते. मोठ्या रुग्णालयांत पीआरओ असतात, एसटी महामंडळात असतात, महापालिकांत असतात. जिल्ह्याजिल्ह्यांत माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाचं कार्यालय आहे. ‘लोकराज्य’ काढणारं हेच खातं. पालकमंत्र्यांच्या दौऱ्याचं वृत्त ते पूरपरिस्थितीचं निवेदन, सगळं तिथून जातं. सरकारी कार्यालयात शिकाऊ मुलांना नुसतं बसवून ठेवतात हा आक्षेप खरा आहे. एजन्सीत तरी दुसरं काय होतं? निदान जालन्याच्या मुलीला इथे आत्या लागत नाही. आणि इथल्या पत्रकाची परीक्षा घेणारा माणूस तिच्याच गल्लीत राहतो.

जनसंपर्कातल्या नैतिक अडचणी इंटर्नच्या पातळीवर फार छोट्या रूपात येतात, म्हणून त्या अडचणी वाटत नाहीत. ‘आपल्या क्लायंटच्या हॉटेलला चार चांगले रिव्ह्यू टाक ना, मित्रांनाही सांग.’ मुलाला यात काही वावगं वाटत नाही. पण ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९००० हे मानक २०२२ मध्ये आलं ते याच फसवणुकीवर. ‘कॉलेजचा प्रोजेक्ट आहे असं सांगून त्या दुसऱ्या कंपनीचे दर काढ’ हा दुसरा प्रकार. उमेदवारांकडून तो ऐकायला मिळतो आणि ते तो हसत सांगतात, हे जास्त काळजीचं. तिसरा इन्फ्लुएन्सरचा: पैसे देऊन टाकलेली पोस्ट जाहिरात आहे हे दिसलं पाहिजे, असं अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने २०२१ पासून बंधनकारक केलं, पण इन्फ्लुएन्सरला ब्रीफ पाठवणाऱ्या इंटर्नला ते कळवायची तसदी कुणी घेतलेली नसते. पत्रकार परिषदेनंतरच्या पाकिटांबद्दल काय लिहावं! २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीतल्या पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवरून एवढा गदारोळ झाला, प्रेस कौन्सिलने २०१० मध्ये अहवाल दिला. त्या अहवालाचं नाव बहुतेक विद्यार्थ्यांना पाठ असतं. पाकीट समोर आलं तर काय करायचं, हा प्रश्न तोंडी परीक्षेत कुणी विचारत नाही.

मुलींना पाठवताना कॉलेजने एक गोष्ट लेखी सांगायलाच हवी. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा ‘कर्मचारी’ या व्याख्येत प्रशिक्षणार्थी आणि शिकाऊ उमेदवारालाही धरतो, पगार असो वा नसो. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या कार्यालयात अंतर्गत समिती असणं सक्तीचं आहे, आणि इंटर्नला तिच्याकडे जाता येतं. रात्री उशिरापर्यंत चालणारे इव्हेंट, क्लायंटच्या पार्ट्या, बाहेरगावचे दौरे हे या कामात असतातच. ‘मी तर नोकरीत नाही, मी कुठे तक्रार करणार’ असं समजून गप्प बसणाऱ्या मुली आहेत, आणि हा गैरसमज एका परिपत्रकाने दूर होण्यासारखा आहे.

एआयने या सगळ्याची मांडणी आता हलवली आहे. बातम्यांवर नजर ठेवायला सॉफ्टवेअर आहे, क्लिपिंग आपोआप येतं, प्रेस नोटचा पहिला मसुदा चॅटजीपीटी लिहितो, मराठी रूपांतरही तयार मिळतं. म्हणजे इंटर्नला ज्या कामांसाठी घेत होते, तीच आधी गेली. काही एजन्सी त्यावरून इंटर्नच कमी करतील, हे उघड आहे. गुंड्या लावायला मशीन आलं तर शिकाऊने सुरुवात कुठून करायची, हा पेच शिंप्याच्या दुकानापेक्षा इथे लवकर येणार. माझा अंदाज असा, की मशीनचा मसुदा तपासणं हीच नवी पहिली पायरी ठरेल: यातला आकडा कुठून आला, हे अवतरण कुणी मान्य केलं, ‘आघाडीची’ म्हणायला आधार काय. पण तपासायला येण्यासाठी आधी स्वतः चुकून, कुणाकडून दुरुस्त करून घ्यावं लागतं. ते करून देणारा ज्येष्ठ माणूस पूर्वीही दुर्मीळ होता, त्याची गरज मात्र आता दुप्पट झाली.

कॉलेजांचा वाटा अहवाल आणि तोंडी परीक्षेपुरता उरला आहे. अहवालाची सुरुवातीची पंधरा पानं कंपनीच्या वेबसाइटवरून उतरवलेली, मग ‘मी शिकलेल्या गोष्टी’ या मथळ्याखाली टीमवर्क, टाइम मॅनेजमेंट, कम्युनिकेशन स्किल. सगळ्यांच्या अहवालात त्याच तीन गोष्टी. त्याऐवजी दोनच कागद मागावेत: विद्यार्थ्याने लिहिलेला एक मसुदा आणि त्यावर कार्यालयातल्या कुणीतरी केलेल्या दुरुस्त्या. असा कागद मिळत नसेल, तर पुढच्या वर्षी त्या ठिकाणी मुलं पाठवू नयेत. हजेरीच्या शिक्क्यापेक्षा हा पुरावा मिळवणं सोपं आहे आणि खोटा बनवणं अवघड.

यावर एजन्सीचं ठरलेलं उत्तर असतं गोपनीयतेचं. रुजू होताना इंटर्नकडून एनडीएवर सही घेतात, आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीत त्याच्याकडे दाखवायला काही उरत नाही. त्याने तीन महिने काम केलं याला साक्षी एकटं प्रमाणपत्र. पण प्रसिद्धीला गेलेलं पत्रक गोपनीय नसतं, ते छापण्यासाठीच काढलेलं असतं. त्याची प्रत आणि छापून आलेली बातमी ठेवायला हरकत नसावी. न छापलेले मसुदे, क्लायंटच्या योजना, मीडिया लिस्ट हे मात्र बाहेर नेता येणार नाही, आणि नेऊही नये. काय नेता येईल आणि क्लायंटचं नाव झाकून दुरुस्तीचा कागद कॉलेजला दाखवता येईल का, हे पहिल्याच आठवड्यात मेलवर विचारून घ्यावं. होकार मेलवरच हवा, कारण शेवटच्या आठवड्यापर्यंत तो मॅनेजर दुसऱ्या एजन्सीत गेलेला असतो.